सलामीचा सामना जिंकला, पण संघ खेळला कसा? एनएफएलमधल्या पहिल्या विजयाचं मूल्यमापन, पायरीपायरीने

अमेरिकन फुटबॉलची लीग असलेल्या एनएफएलमध्ये १३ सप्टेंबर २०२० रोजी जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सना २७-२० असं हरवलं. क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) गार्डनर मिन्शूचे २० पैकी १९ पास पूर्ण झाले, म्हणजे सहकाऱ्यांनी झेलले, त्यात ३ टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेऊन मिळवलेले सहा गुण). पुढचा आठवडाभर या संघाबद्दल भरभरून बोललं गेलं. त्यानंतर जॅग्वार्स उरलेले पंधराच्या पंधरा सामने हरले आणि १-१५ वर थांबले. कोल्ट्स ११-५ करून प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत गेले.

हे आधी कळणं अशक्य नव्हतं. त्या सामन्यात कोल्ट्सनी ४४५ यार्ड काढले होते, जॅग्वार्सनी २४१. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सच्या दोन इंटरसेप्शननी (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या पासनी) तराजू फिरवला होता. आकडे सगळ्यांसमोर होते, पण बहुतेकांनी आधी निकाल पाहिला आणि मग त्याला साजेशी कारणं शोधली. दर सप्टेंबरात हीच चूक होते. लोकांकडे माहिती असते, तिच्याकडे पाहण्याचा क्रम मात्र उलटा असतो. खालच्या पायऱ्या म्हणूनच दिलेल्या क्रमाने करा, मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका. सगळा वेळ डोक्यात एकच प्रश्न ठेवा: आज जे घडलं, त्यातलं पुढच्या चार आठवड्यांत पुन्हा काय घडेल?

तयारी: काय जमवायचं आणि काय टाळायचं

चार गोष्टी हाताशी हव्यात.

- सामन्याचं अधिकृत गेमबुक. लीग ते सामन्यानंतर प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक प्लेची (चेंडू खेळात येऊन थांबेपर्यंतच्या एका चालीची) नोंद, ड्राइव्हची (एका संघाकडे चेंडू असतानाच्या सलग प्लेंची) यादी, पेनल्टी आणि शेवटी प्रत्येक खेळाडूचे स्नॅप (तो किती प्लेंना मैदानात होता) असतात.
- ऑल-२२ चित्रण. यात मैदानावरचे बावीसही खेळाडू कायम दिसतात. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) आणि रिसीव्हर (पास झेलणारे) चौकटीबाहेर जातात. ऑल-२२ सामना संपल्या संपल्या मिळत नाही, त्यासाठी थोडं थांबावं लागतं.
- एक स्प्रेडशीट. रकाने असे: प्ले क्रमांक, डाउन (१० यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवे, मैदानावरची जागा, किती यार्ड मिळाले, यशस्वी की नाही, शेरा, आणि शेवटी ‘वर्ग’. वर्ग म्हणजे काय ते पाचव्या पायरीत येईल. तोवर तो रकाना रिकामा ठेवा.
- साधारण चार तास, तीन बैठकांत विभागलेले. भारतातून पाहणाऱ्यांसाठी सप्टेंबरातले रविवारचे दुपारचे सामने रात्री १०:३० ला सुरू होतात आणि रविवार रात्रीचा सामना सोमवारी पहाटे ५:५० ला. रात्रभर जागून त्याच डोळ्यांनी मूल्यमापनाला बसू नका. झोप घ्या, सोमवारी संध्याकाळी सुरू करा.

सावधान: तुमचा कागद पूर्ण होईपर्यंत हायलाइट्स आणि प्रशिक्षकाची पत्रकार परिषद पाहू नका. हायलाइट्समध्ये सव्वाशे प्लेपैकी दहा-बारा दिसतात, आणि नेमके तेच पुन्हा घडण्याची शक्यता सर्वांत कमी असते. पत्रकार परिषदेत प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना सांभाळून घेतो. ते त्याचं कामच आहे, पण ते मूल्यमापन नव्हे.

पायरी १: सामन्याआधी काय अपेक्षित होतं ते लिहा

ही पायरी सामन्याआधीच करायची असते. राहून गेली असेल तर सामन्याआधीचा शेवटचा स्प्रेड, म्हणजे बाजाराने गृहीत धरलेला गुणफरक, आधार म्हणून घ्या. पैसे लावण्याशी आपला काही संबंध नाही. लाखो डोळ्यांनी मिळून केलेला तो अंदाज असतो आणि एकट्या चाहत्याच्या अंदाजापेक्षा सहसा बरा निघतो.

त्याखाली पाच-सहा ओळींत नेमके प्रश्न लिहा. ‘आक्रमण कसं आहे’ हा प्रश्न कामाचा नाही. ‘नवा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूचा रक्षक) एकट्याने एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू) रोखू शकतो का, की त्याच्या मदतीला दर वेळी टाइट एंड (लाइनच्या टोकाचा, पासही झेलणारा खेळाडू) थांबवावा लागतो’ हा प्रश्न कामाचा. ‘नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचा प्रशिक्षक) ब्लिट्झ (नेहमीपेक्षा जास्त जणांना क्वार्टरबॅकवर सोडणं) किती वेळा करतो’ हाही. प्रश्न आधी लिहून ठेवले नाहीत, तर जे ठळक दिसलं तेच महत्त्वाचं वाटायला लागतं.

तपासा: तुमच्या प्रश्नांपैकी निदान दोन प्रश्न असे हवेत, ज्यांचं उत्तर जिंकूनही ‘नाही’ येऊ शकतं.

पायरी २: ड्राइव्हची यादी, धावफलकाच्या आधी

गेमबुकातली ड्राइव्हची यादी घ्या. दोन्ही संघांना सहसा दहा ते बारा ड्राइव्ह मिळतात. प्रत्येकीची सुरुवात कुठून, किती प्ले, किती यार्ड, शेवट कशात, गुण किती, एवढं उतरवा. मग तीन प्रकारच्या ड्राइव्ह वेगळ्या काढा.

अर्धवेळ किंवा सामना संपताना गुडघा टेकून घालवलेल्या ड्राइव्ह थेट वगळा.

प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्डच्या रेषेच्या आत सुरू झालेल्या ड्राइव्हवर खूण करा. तिथून मिळालेल्या गुणांचं मोठं श्रेय बचावाला किंवा स्पेशल टीमला (किकच्या प्लेंसाठी उतरणाऱ्या तुकडीला) जातं. असे तीन टचडाउन आक्रमणाच्या खात्यावर मांडले, तर पुढच्या आठवड्यात स्वतःच्या २५ यार्डवरून सुरुवात करावी लागल्यावर तेच आक्रमण अचानक ‘बिघडल्यासारखं’ दिसेल. बिघडलेलं काहीच नसतं, आधीचं मोजमाप चुकलेलं असतं.

पहिल्या दोन ड्राइव्ह वेगळ्या रंगात ठेवा. पहिले पंधरा-वीस प्ले आधीच लिहून ठेवण्याची पद्धत प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी रुजवली आणि आज बहुतेक संघ ती कुठल्या ना कुठल्या रूपात वापरतात. सलामीच्या सामन्यासाठी तर ही यादी घडवायला पूर्ण उन्हाळा मिळालेला असतो. त्यामुळे पहिल्या दोन ड्राइव्ह तयारीबद्दल सांगतात आणि त्यानंतरच्या ड्राइव्ह संघाबद्दल. पहिल्या दोनमध्ये १४ गुण आणि पुढच्या आठमध्ये ६, असं चित्र असेल तर एकूण २० हा आकडा फसवा आहे.

आता उरलेल्या ड्राइव्हमागे सरासरी किती गुण मिळाले ते काढा. एनएफएलमध्ये दर ड्राइव्हला साधारण २ गुण ही मधली पातळी.

सावधान: सुरुवातीच्या जागेची तुलना जुन्या हंगामांशी करू नका. किकऑफनंतरचा टचबॅक (चेंडू परत न नेता मिळणारी सुरुवातीची जागा) २०२३ पर्यंत २५ यार्डवर होता, २०२४ च्या नव्या नियमाने तो ३० वर आला आणि २०२५ मध्ये ३५ वर. आज ३२ यार्डवरून सुरुवात ही साधी गोष्ट आहे, २०२२ मध्ये ती स्पेशल टीमची कमाई ठरली असती.

पायरी ३: प्रत्येक प्ले यशस्वी की अयशस्वी

एकूण यार्डांपेक्षा यशाचा दर जास्त विश्वासू, आणि तो हातानेही मोजता येतो. नियम असा: पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण १०० टक्के मिळाले तर प्ले यशस्वी. पहिला डाउन आणि १० यार्ड हवे असतील तर ४ यार्डला यश. दुसरा डाउन आणि ६ हवे असतील तर ३ यार्ड अपयश, ४ यार्ड यश. तिसरा डाउन आणि ८ हवे असताना ७ यार्ड मिळाले तर टाळ्या पडतात, पण शीटमध्ये ते अपयशच.

मोजण्याआधी निर्णय लागून गेल्यानंतरचा खेळ बाजूला काढा. सोपा नियम म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये फरक १६ गुणांहून जास्त झाला की पुढचे प्ले मोजायचे नाहीत, कारण १६ पर्यंतचा फरक दोन टचडाउन आणि त्यांच्यानंतरच्या दोन-गुणी प्रयत्नांनी भरून निघतो. हे केलं नाही तर मागे पडलेल्या संघाने सैल बचावापुढे काढलेले दीडशे यार्ड तुमच्या बचावाच्या माथी बसतात.

मग धाव आणि पास वेगवेगळे, आणि पहिला, दुसरा, तिसरा डाउन वेगवेगळे मांडा. एका आक्रमणासाठी ४५ टक्क्यांच्या आसपासचा यशाचा दर म्हणजे साधारण पातळी. इथे सर्वांत जास्त काही सांगून जातो तो पहिल्या आणि दुसऱ्या डाउनचा दर. तिसऱ्या डाउनला सामन्यात बारा-चौदा प्रयत्न होतात, त्यात दोन इकडचे तिकडे झाले की टक्केवारी पार बदलते. तिसऱ्या डाउनला १३ पैकी ९ जमले आणि आधीच्या दोन डाउनना मात्र दर ३८ टक्के, अशा संघाने अवघड परीक्षा स्वतःहून ओढवून घेतली आणि त्या दिवशी ती पार केली. पुढच्या आठवड्यात ती पार होईलच असं नाही.

धावेत १२ यार्डांहून मोठे आणि पासमध्ये २० यार्डांहून मोठे प्लेही मोजा. सीमा कुठलीही धरा, पण हंगामभर तीच ठेवा.

तपासा: साठ प्लेमध्ये चार प्लेंचा निकाल उलटला तर दर जवळजवळ ७ टक्क्यांनी हलतो. म्हणून एका सामन्यावरून ४५ आणि ५० मध्ये फरक करू नका. ३५ आणि ५५ मध्ये करा. ज्यांना प्लेनिहाय डेटा हाताळता येतो ते अपेक्षित गुणांवरचं ईपीए हे मापही लावू शकतात, पण नमुना तेवढाच छोटा राहतो. आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत आला म्हणून तो जास्त खरा होत नाही.

पायरी ४: न टिकणारे गुण वेगळे काढा

विजयानंतर ही पायरी नकोशी वाटते आणि नेमकी तीच सर्वाधिक गाळली जाते. चार खाती उघडा.

*फंबल.* म्हणजे हातातून सुटलेला चेंडू. फक्त गमावलेले फंबल मोजू नका, झालेले सगळे मोजा. चेंडू सोडवणं हे कौशल्य आहे. सुटलेला लांबट चेंडू कुणाच्या हाती पडतो यात मात्र नशीबच मोठं, आणि पुरेशा सामन्यांत ते निम्म्या-निम्म्यावर येतं. दोन्ही संघांचे मिळून चार फंबल झाले आणि चारही तुमच्या संघाला मिळाले, तर त्यातले दोन नशिबाचे.

*इंटरसेप्शन.* प्रत्येक इंटरसेप्शन पुन्हा पाहा आणि ठरवा: बचावपटूने मार्ग ओळखून चेंडूवर झेप घेतली, रिसीव्हरच्या हातातून उडालेला चेंडू मिळाला, की दबावाखाली क्वार्टरबॅकने हवेत भिरकावला? पहिला आणि तिसरा प्रकार काही अंशी पुन्हा घडतो, दुसरा नाही. आपल्या क्वार्टरबॅकचे बचावपटूच्या हातातून निसटलेले पासही इथेच नोंदवा. बॉक्स स्कोअरमध्ये ते नुसते अपूर्ण पास असतात.

*परतीचे टचडाउन.* पंट (ताबा सोडताना लाथेने लांब मारलेला चेंडू), किकऑफ, इंटरसेप्शन किंवा फंबल परत नेऊन केलेले टचडाउन. ११ सप्टेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्क जेट्सनी बफेलो बिल्सना जादा वेळेत २२-१६ हरवलं ते झेवियर गिप्सनने ६५ यार्ड परत नेलेल्या पंटवर. शिवाय बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनचे तीन इंटरसेप्शन आणि एक गमावलेला फंबल. जेट्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स चौथ्याच स्नॅपला जखमी होऊनही संघ झुंजला, ही त्या बचावाची खरी ताकद होती आणि ती टिकलीही. पण सहा गुणांचा फरक उभा होता पंटच्या परतीवर आणि चार टर्नओव्हरवर (चेंडूचा ताबा गमावण्यावर). जेट्स ७-१० वर संपले, बिल्सनी ११-६ करून विभाग जिंकला.

*रेड झोन.* २० यार्डच्या आत गेल्यावर दर वेळी टचडाउन होणं टिकत नाही. १२ सप्टेंबर २०२१ रोजी न्यू ऑर्लीन्स सेंट्सनी ग्रीन बे पॅकर्सना ३८-३ असं लोळवलं. सेंट्सचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टनने १४८ यार्डांत ५ टचडाउन पास दिले, म्हणजे दर ३० यार्डांमागे एक. चांगल्या क्वार्टरबॅकलाही हंगामात एका टचडाउनमागे सहसा शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त यार्ड लागतात. पुढच्याच आठवड्यात कॅरोलायनाविरुद्ध सेंट्स २६-७ हरले. शेवटी पॅकर्स १३-४, सेंट्स ९-८. सेंट्सच्या हंगामाला विन्स्टनच्या गुडघ्याची दुखापतही नडली, ते ऑक्टोबरअखेर. पण १४८ यार्डांत पाच टचडाउन हा वेग दुसऱ्या आठवड्यालाच थांबला होता.

आता ढोबळ हिशेब करा. एका टर्नओव्हरची किंमत सरासरी ४ गुणांच्या आसपास धरतात. जे टर्नओव्हर तुम्ही नशिबाच्या खात्यात टाकले तेवढ्यांचेच ४-४ गुण फरकातून वजा करा, परतीच्या टचडाउनचेही करा, आणि तुमच्या संघाविरुद्ध गेलेलं नशीब मिळवा. त्या टर्नओव्हरवरच परतीचं टचडाउन झालं असेल तर दोनदा वजा होणार नाही याची काळजी घ्या.

सावधान: प्रतिस्पर्ध्याचं नशीब मोजताना हात आखडता घेणं आणि आपलं मोजताना सैल सोडणं फार सहज होतं. शक्य असेल तर दुसऱ्या संघाच्या चाहत्याला याच खात्यांवर स्वतंत्र खुणा करायला सांगा आणि दोन्ही कागद जुळवा.

पायरी ५: चित्रण, चार फेऱ्यांत

आकडे प्रश्न उभे करतात, उत्तरं चित्रणात मिळतात. एकाच फेरीत सगळं पाहायला गेलं की डोळा चेंडूमागे जातो आणि काहीच दिसत नाही. एका फेरीत एकच गट पाहायचा.

पहिली फेरी ऑफेन्सिव्ह लाइनची (क्वार्टरबॅकसमोरच्या पाच रक्षकांची), एंड झोनच्या मागच्या कॅमेऱ्यातून. स्नॅपनंतरचे (चेंडू मागे देऊन प्ले सुरू झाल्यानंतरचे) पहिले अडीच सेकंद पाचही जणांकडे पाहा, क्वार्टरबॅककडे नाही. कुणाचा रशर सुटला आणि का सुटला, दोन्ही लिहा.

‘का’ कसं ठरवायचं, एक नमुना. तिसरा डाउन, ७ यार्ड हवेत, समोरून चार रशर. बाहेरचा डिफेन्सिव्ह एंड आत घुसतो आणि त्याच्या शेजारचा डिफेन्सिव्ह टॅकल त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन बाहेर येतो. अशा वेळी राइट टॅकलने एंडला आत गार्डकडे (शेजारच्या रक्षकाकडे) सोपवायचं आणि वळसा घेणाऱ्याला स्वतः उचलायचं. प्रत्यक्षात गार्ड पहिल्याच माणसामागे ओढला जातो, टॅकल एंडला सोडत नाही, दोघं एकाच रशरला चिकटतात आणि दुसरा मोकळा क्वार्टरबॅकवर येतो. पास घाईत सुटतो, अपूर्ण. गेमबुकात ‘अपूर्ण पास’ एवढंच येतं. सॅक (पास फेकण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं) नाही, दोष कुणाचाच नाही. तुमच्या शीटवर मात्र नोंद हवी: उजवी बाजू, अदलाबदल फसली.

ही चूक सलामीच्या सामन्यात हमखास दिसते, कारण प्रीसीझनच्या (हंगामाआधीच्या) तीन सामन्यांत मुख्य पाच जण एकत्र जेमतेमच खेळतात. सरावाने ती सुटते. तोच राइट टॅकल एकास-एक लढतीत तीनदा सरळ मागे रेटला गेला असेल तर गोष्ट वेगळी. ताकद पंधरा दिवसांत येत नाही.

‘वर्ग’ हा रकाना आता भरा. प्रत्येक महत्त्वाच्या प्लेला, चांगल्या आणि वाईट, तीनपैकी एक शिक्का मारा.

- सुधारेल: समन्वयाची, नव्या योजनेची, न जुळलेल्या वेळेची चूक.
- राहील: वेग, ताकद, तंत्र किंवा योजनेतून आलेली गोष्ट. बलस्थानं आणि कमतरता दोन्ही इथेच.
- नशीब: चौथ्या पायरीतला माल.

दुसरी फेरी क्वार्टरबॅकची. दबावाखालचे आणि निवांत पॉकेटमधले (लाइनने क्वार्टरबॅकभोवती राखलेल्या जागेतले) पास वेगळे मांडा. निवांत पॉकेटमधली कामगिरी आठवड्यागणिक जास्त टिकते. दबावाखाली पळत फेकलेला ४० यार्डांचा पास हा सामन्याचा सर्वांत देखणा क्षण असेल, पण भरवसा निवांत पॉकेटमधून वेळेवर सुटलेल्या १२ यार्डांच्या पासवर ठेवायचा. पहिल्याच रिसीव्हरकडे किती वेळा चेंडू गेला, हेही पाहा. सलामीला समोरच्या बचावाने नवं काही दाखवलं नसेल तर पहिलाच पर्याय मोकळा मिळत राहतो. तो बंद झाल्यावर क्वार्टरबॅक काय करतो हे अजून कळलेलं नसतं, आणि तसंच लिहावं.

तिसरी फेरी सेकंडरीची, म्हणजे मागच्या फळीतल्या बचावपटूंची. स्नॅपआधी मागे एक सेफ्टी होता की दोन, आणि स्नॅपनंतर किती राहिले? मोठा पास गेला तेव्हा बचावपटू मागे टाकला गेला, की दोघांनी एकच माणूस धरला आणि दुसरा मोकळा राहिला? पहिलं बहुधा ‘राहील’, दुसरं ‘सुधारेल’. प्रतिस्पर्ध्याचा रिसीव्हर मोकळा असूनही पास उंचावरून गेला असेल, तर त्या अपूर्ण पासचं श्रेय तुमच्या बचावाला देऊ नका. तो ‘नशीब’मध्ये.

चौथी फेरी फक्त टॅकलिंगची, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला पाडण्याची. सराव शिबिरांत अंगाला भिडून खाली पाडायचा सराव आता फार कमी होतो, त्यामुळे पहिल्या सामन्यात टॅकल सुटतातच. कोन चुकून सुटला की हातात येऊन सुटला, एवढं लिहा. वाढता आकडा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काळजीचा, पहिल्यात नव्हे.

सावधान: रिसीव्हरला कुठला मार्ग धावायचा होता हे तुम्हाला ठाऊक नसतं. पास आणि रिसीव्हर दोन दिशांना गेले, तर दोष कुणाचा ते ठरवू नका. ‘जुळलं नाही’ लिहा आणि पुढे जा.

पायरी ६: पेनल्टी आणि स्पेशल टीम

पेनल्टीची बेरीज निरुपयोगी, प्रकार पाहा. फॉल्स स्टार्ट, ऑफसाइड, उशिरा स्नॅप या स्नॅपआधीच्या चुका बहुतेक ‘सुधारेल’मध्ये. एकाच लाइनमनची तीनदा होल्डिंग (समोरच्याला हाताने धरून ठेवणं) हा मात्र तो मार खातोय याचा पुरावा.

प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टींकडेही तसंच पाहा. २०२२ च्या सलामीला शिकागो बेअर्सनी मुसळधार पावसात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना १९-१० हरवलं. फोर्टीनाइनर्सच्या १२ पेनल्टी झाल्या, ९९ यार्ड गेले. प्रतिस्पर्ध्याची अशी बेशिस्त तुमच्या संघाला दर आठवड्यात आंदण मिळत नाही. बेअर्स ३-१४ वर संपले, फोर्टीनाइनर्स १३-४ करून एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत पोचले.

किकरचा ५५ यार्डांचा फील्ड गोल पाहून हरखू नका. पंटची निव्वळ लांबी आणि कव्हरेज करणाऱ्यांनी (पंटची परत अडवणाऱ्यांनी) आपल्या वाटा धरून ठेवल्या का, हे पाहा.

पायरी ७: समोर कोण होतं आणि परिस्थिती काय होती

ही पायरी चित्रणानंतरच. आधी केलीत तर ‘समोरचा संघच कच्चा होता’ म्हणून चांगला खेळही तुम्ही दुर्लक्षाल.

प्रतिस्पर्ध्याचे किती मुख्य खेळाडू बाहेर होते ते सामन्याच्या दीड तास आधी जाहीर होणाऱ्या यादीवरून काढा, आणि सामन्यात कोण कधी बाहेर गेलं ते गेमबुकातून. घरच्या मैदानाचा फायदा आजकाल दोन गुणांच्या आसपास धरा, पूर्वी सरसकट तीन धरत. पाऊस, वारा, मायामी किंवा जॅक्सनव्हिलमधली सप्टेंबरची दमट दुपार, हे सगळं एका ओळीत नोंदवा. पावसात पासचे आकडे दोन्ही संघांचे पडतात, तेव्हा त्यावरून क्वार्टरबॅकबद्दल निष्कर्षच काढू नका, चांगला नाही आणि वाईटही नाही.

तुमच्या संघाचा कोऑर्डिनेटर नवा असेल तर आणखी एक ओळ. प्रतिस्पर्ध्याकडे त्याच्या या खेळाडूंसोबतचं चित्रणच नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सगळ्यांकडे पुरेसं चित्रण असेल आणि जी रचना आज फळली तिच्यावर उतारा तयार असेल.

पायरी ८: दुखापती आणि स्नॅपची वाटणी

विजयाच्या आनंदात दुखापतींची किंमत कुणी मोजत नाही. इंज्युअर्ड रिझर्व्हवर (दुखापतग्रस्तांच्या यादीत) गेलेला खेळाडू किमान चार सामने मुकतो. रविवारच्या सामन्यासाठी बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशी सरावाची नोंद येते. बुधवारी विश्रांती आणि शुक्रवारी पूर्ण सराव हे साधं. उलट क्रम, म्हणजे बुधवारी पूर्ण आणि शुक्रवारी नाही, हे वाईट लक्षण.

स्नॅपच्या यादीत प्रशिक्षकाचं खरं मत असतं. ज्याची शिबिरात सगळ्यांनी वाखाणणी केली तो नवखा लाइनबॅकर ६४ पैकी १४ स्नॅप खेळला असेल, तर अजून त्याच्यावर विश्वास नाही. तिसऱ्या डाउनला कोण मैदानात आहे, हे वेगळं पाहा.

पायरी ९: निष्कर्ष लिहा, आणि तो चौथ्या आठवड्यानंतर उघडा

एका पानात लिहा. पहिल्या पायरीतल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अजून कळलं नाही’. तिसरं उत्तर सर्वांत जास्त वेळा येणार, येऊ द्या. मग चौथ्या पायरीत काढलेला समायोजित गुणफरक, ‘राहील’मधल्या तीन बलस्थानांची आणि तीन कमतरतांची नावं, आणि ‘सुधारेल’मधल्या तीन चुका. संघाला ए, बी अशी श्रेणी देऊ नका. श्रेणी दिली की निकालच मागच्या दाराने परत येतो.

पुढच्या तीन सामन्यांत पूर्ण मूल्यमापन करण्याची गरज नाही. फक्त या नऊ गोष्टींवर लक्ष ठेवा.

चौथ्या आठवड्यानंतर कागद उघडताना जय-पराजयाचा आकडा बाजूला ठेवा. २०१९ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी सलामीला मायामी डॉल्फिन्सना ५९-१० हरवलं, ६४३ यार्ड काढून. मायामीने आठवड्याभरापूर्वीच आपला लेफ्ट टॅकल लॅरेमी टन्सिल ह्यूस्टनला देऊन टाकला होता, संघ मुद्दाम मोडून नव्याने उभारला जात होता, त्यामुळे विजय कितपत खरा ही शंका रास्त होती. रेव्हन्स तिसरा आणि चौथा सामना हरून २-२ वर आले तेव्हा ती शंका खरी ठरल्यासारखं वाटलं. पण क्वार्टरबॅक लमार जॅक्सनच्या पायांभोवती रचलेला धावेचा खेळ, त्यातून मोकळे होणारे टाइट एंड आणि वरचढ ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे ‘राहील’मध्ये पडणारा माल, चारही आठवडे जागेवर होता. पुढचे बाराही सामने जिंकून ते १४-२ वर संपले.

म्हणून प्रत्येक नोंद तपासा: जे ‘राहील’ म्हटलं ते राहिलं का, जे ‘सुधारेल’ म्हटलं ते सुधारलं का. चुकलेल्या नोंदी बहुतेकांच्या ‘सुधारेल’ या रकान्यात सापडतात, कारण जिंकल्यावर आपल्या माणसांच्या कमतरता तात्पुरत्या वाटतात. जी चूक चारही सामन्यांत दिसली, ती उचलून ‘राहील’मध्ये टाका आणि पाचव्या आठवड्याचा अंदाज त्या दुरुस्त कागदावरून बांधा.